होतकरू खेळाडू आणि घरची माणसे

गेल्या ज्येष्ठ महिन्यात आमच्या घरी एक पत्र आले आणि त्याने आठ दिवस आमची झोप उडविली. पत्र आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवास होते. मुलगा नुकताच दहावी झालेला. वय सोळा, उंची सहा फूट दोन इंच, व ती अजून वाढतेच आहे. परगावच्या एका निवासी क्रीडाकेंद्राने त्याला बास्केटबॉलच्या शिक्षणासाठी निवडले होते आणि पंधरा दिवसांत होकार किंवा नकार कळवावा, असे लिहिले होते.

बंधूंचे म्हणणे असे पडले की, बारावी होईपर्यंत हे खूळ बाजूस ठेवावे. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण मुलाचे कपडे त्या नीट घड्या घालून निराळे ठेवू लागल्या, तेव्हा त्यांचा कल आम्हांस उमगला. अखेर मुलगा आमच्याकडेच वळला. म्हणाला, "काका, पहाटे उठून माझ्याबरोबर सामने पाहायला तुम्ही असता. मग आता दादांशी बोलायलाही तुम्हीच असायला हवं."

त्याचा आरोप खोटा नव्हता. अमेरिकेत रात्र पडून तेथील खेळ रंगात येतात, तेव्हा आमच्या नेसरीत सकाळ होत असते. आई देवघरात असताना आम्ही दोघे काका-पुतणे सोप्यात बसून, आवाज अगदी बारीक ठेवून, बास्केटबॉलचे व कधी कधी बेसबॉलचे सामने पाहत आलो आहो. आम्ही स्वतः खेळाडू नव्हे, केवळ शौकीन. परंतु कोण पुढे येईल, कोण मागे पडेल याविषयी मते देण्याचा अधिकार शौकिनाने सर्वत्र स्वतःकडे घेतलेलाच असतो. फरक इतकाच की, या खेपेस ज्याच्याविषयी मत द्यावयाचे तो आमच्याच पंक्तीला जेवणारा होता. अशा वेळी मत जपून द्यावे लागते. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या असे पत्र यावयाचे आहे. म्हणून त्या आठ दिवसांत आम्ही काय विचार केला, तो येथे मांडतो.

प्रथम बास्केटबॉल. सन १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावे म्हणून फळांच्या दोन टोपल्या भिंतीला टांगून हा खेळ सुरू केला. आज त्याचा केवढा व्याप झाला आहे! नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या ३० संघांत मिळून साडेचारशेच्या आसपास कायम जागा असतात, आणि दरवर्षी जगभरातून सुमारे ६० नवे होतकरू निवडले जातात. तेथील खेळाडूंची सरासरी उंचीच साडेसहा फुटांच्या घरात आहे. नेसरीच्या बाजारात आमचा पुतण्या सर्वांच्या डोक्यावरून दिसतो. त्या मैदानावर तो ठेंगणा ठरेल. हे त्याला आम्ही प्रथमच सांगून टाकले. उंचीने आरंभ होतो. पण उंचीवर कोणाचा निर्वाह होत नाही.

याचे उदाहरण दूर शोधावयास नको. पंजाबातील बल्लो के नावाच्या खेड्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग सात फूट दोन इंच वाढला. सन २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, तो शिक्षणासाठी फ्लोरिडास गेला आणि २०१५ साली डॅलसच्या संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. त्या स्पर्धेसाठी निवडला गेलेला हा पहिलाच भारतीय. त्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांनी केवढा जल्लोष केला! परंतु मुख्य स्पर्धेतील एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही. तयारीच्या दुय्यम संघात तो दोन हंगाम राहिला आणि मग त्याला दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. ज्या दिवशी आपण पेढे वाटले, तो दिवस आरंभाचा होता. आपण त्यालाच शेवट समजलो.

बेसबॉलची कथा याहून निराळी, तरीही फार निराळी नव्हे. क्रिकेट पाहणाऱ्या डोळ्यांस हा खेळ लवकर कळतो, व चेंडू जोराने फेकणारा हात कोणत्याही देशात सापडू शकतो. या विश्वासावर काही अमेरिकन व्यावसायिकांनी २००८ मध्ये आपल्या देशात चेंडूफेकीची स्पर्धा घेतली. हजारो मुलांतून रिंकू सिंग व दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोन तरुण पुढे आले. दोघेही भालाफेक करणारे. बेसबॉल त्यांनी पूर्वी हातातही धरलेला नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या संघाने दोघांशी करार केला. पुढे २०१४ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही निघाला.

बेसबॉलची रचना मोठ्या शिडीसारखी आहे. दरवर्षी वीस फेऱ्यांत सहाशेंवर मुले निवडली जातात आणि त्यांना खालच्या पायरीवरून एकेक पायरी चढावी लागते. बहुसंख्य मुले शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचत नाहीत. खालच्या पायऱ्यांवरील वेतनही अनेक वर्षे तुटपुंजे होते. खेळाडूंच्या संघटनेने २०२३ साली करार केला तेव्हा कोठे ते बरे झाले. दिनेश २०१० मध्ये मोकळा होऊन मायदेशी परतला. रिंकू चिकाटीने राहिला, त्याने सामनेही जिंकले. परंतु पुढे दुखापतींनी त्याला गाठले व वरच्या मैदानावर उतरणे त्याच्या नशिबी आले नाही.

आता आमच्या कोल्हापूरकर वाचकांस एक गंमत सांगतो. हे दोघे होतकरू, बास्केटबॉलचा सतनाम आणि बेसबॉलचा रिंकू, अखेरीस कोठे गेले? दोघेही अमेरिकेतील तमाशेवजा व्यावसायिक कुस्तीत शिरले. लाल मातीत वाढलेल्या आम्हां लोकांस त्या कुस्तीला कुस्ती म्हणणे जड जाते. पण पोटापाण्याची सोय त्यांना तेथे मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मैदानाने नाकारले तरी कमावलेले शरीर व शिस्त फुकट गेली नाही. मात्र ही दुसरी वाट त्यांना प्रसंगाने मिळाली. घरातून निघताना ती कोणी आखून दिलेली नव्हती.

तिसरा खेळ हॉकी. अमेरिकेत हॉकी म्हटले की बर्फावरची समजतात; आपली हॉकी गवतावर वाढली व आता कृत्रिम हिरवळीवर आली. इथे आम्हांस परक्याकडे पाहावयाचे कारण नाही. सन १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे आपल्या संघाने २९ गोल केले आणि एकही गोल स्वतःवर होऊ दिला नाही. पुण्याजवळील खडकीच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढलेले धनराज पिल्ले मोडक्या स्टिका बांधून खेळावयास शिकले आणि पुढे चार ऑलिंपिक खेळले. सन १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली ३२ वर्षांनी सुवर्णपदक आले, आणि त्यानंतर लगेच त्यांना संघातून वगळण्यात आले. पुढे ते परत आले, ही गोष्ट वेगळी. पण पदक जिंकणाऱ्यास जेथे उद्याची खात्री नाही, तेथे होतकरूने काय समजावे?

धंदेवाईक हॉकीचे तर याहून बोलके उदाहरण आहे. हॉकी इंडिया लीग २०१३ साली सुरू झाली, २०१७ नंतर थांबली, आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली. त्या वर्षीच्या लिलावात कर्णधार हरमनप्रीत सिंग यास ७८ लक्ष रुपये मिळाले. आकडा वाचून कोणाचेही डोळे दिपतील. परंतु मधल्या सात वर्षांचा हिशेब कोणी करावा? लीग थांबली तेव्हा जो वीस वर्षांचा होता, तो ती परत येईपर्यंत सत्तावीस वर्षांचा झाला. खेळाडूचे ऐन उमेदीचे वय त्यात सरले. अशा काळात अनेकांना आधार दिला तो रेल्वेने, पोलिसांनी व तेलकंपन्यांनी दिलेल्या नोकऱ्यांनी. टाळ्या लीगमध्ये मिळाल्या, चूल नोकरीने पेटती ठेवली.

इतके सर्व ऐकून बंधू म्हणाले, "म्हणजे तू माझ्याच बाजूचा झालास." पुढे त्यांनी आमच्या गावचाच दाखला दिला. "आपल्या खिंडीत काय झालं? सात जण फौजेवर तुटून पडले. कीर्ती अमर झाली, माणसं गेली." वाचकांस ठाऊकच आहे की, २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर सहा वीरांनिशी नेसरीच्या खिंडीत बहलोलखानाच्या सैन्यावर धावून गेले व सातही जण धारातीर्थी पडले. त्यावर आम्हांस उत्तर सुचेना. उत्तर दिले ते आईने. ती निवडणाचे ताट पुढ्यात घेऊन बसली होती, मान वर न करता म्हणाली, "अरे, पण महाराजांनी मागाहून त्यांच्या लेकीला सून करून घरात आणलं ना?" आईचे म्हणणे खरे होते. सन १६८० मध्ये राजाराममहाराजांचा विवाह प्रतापरावांच्या कन्या जानकीबाई यांच्याशी झाला. धाडस करणाऱ्यामागे कोणी तरी उभे राहावे लागते, हा त्या गोष्टीतला भाग आम्ही सोयीने विसरतो.

आमच्या वादाला तेथून निराळे वळण लागले. मुलाला पाठवावे की न पाठवावे, याऐवजी तो परतला तर काय, हा प्रश्न पुढे आला. तेव्हा आम्ही बंधूंस आपल्याच जिल्ह्याचा दाखला दिला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २००९ साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश घेतला; २०१५ मध्ये त्यास रेल्वेत नोकरी लागली; आणि २०२४ च्या ऑगस्टात पॅरिस येथे नेमबाजीत त्याने कांस्यपदक मिळविले. आरंभापासून पदकापर्यंत पंधरा वर्षे. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. घर काही धनाढ्य नव्हे. या पंधरा वर्षांत घरच्यांनी हिशेब मागून मुलास हैराण केले असते, तर ते पदक आले असते काय? आणि मध्ये नोकरीचा टेकू नसता, तर ती पंधरा वर्षे निघाली असती काय? आमच्या मते हे दोन्ही टेकू हवेत. एकाने भागत नाही.

आम्हां पांढरपेशा घरांची अडचण अशी की, आमच्याजवळ यशाची एकच वाट आखलेली असते, आणि त्या वाटेवरून पाऊल ढळले की मुलगा वाया गेला असे आम्ही ठरवून मोकळे होतो. वैद्यकीच्या प्रवेशासाठी दोन-दोन वर्षे घरी बसलेल्या मुलास आम्ही होतकरू म्हणतो. दोन वर्षे मैदानावर घाम गाळून परतलेल्यास मात्र उनाड म्हणतो. प्रयत्न दोघांनीही सारखाच केलेला असतो.

सरतेशेवटी घरात तीन गोष्टी ठरल्या. पहिली, बारावीची परीक्षा सोडावयाची नाही. केंद्राजवळच्या महाविद्यालयात नाव घालावयाचे. दुसरी, दोन वर्षांनी त्याच्या शिक्षकांशी बसून त्याच्या खेळाचा निर्मळपणे आढावा घ्यावयाचा. पुढे वाव नसेल तर तो खेळ हौसेपुरता ठेवून शारीरिक शिक्षणाचा अभ्यास घ्यावा की अन्य काही, ते मुलानेच सुचवावे. तिसरी, तो परत आला तर त्या विषयावर घरात कोणीही टोमणा मारावयाचा नाही; लग्नकार्यात नाही, की पाहुण्यांसमोरही नाही.

मुलाने विचारले, "काका, पहिल्या दोन अटी माझ्यासाठी. तिसरी कोणासाठी?" बंधूच म्हणाले, "ती माझ्यासाठी." इतके बोलून ते उठून अंगणात गेले.

आषाढात मुलगा गेला. वहिनींनी निराळे ठेवलेले कपडे पेटीत भरले, आईने हातावर दही घातले, आणि गडहिंग्लजच्या मोटारीत बंधू स्वतः त्याला बसवून आले. तो मोठा खेळाडू होईल की नाही, याविषयी शौकीन म्हणून आमचे मत आहे. परंतु ते येथे लिहिणार नाही, कारण हा अंक त्याच्याही वाचनात येईल. आमच्या वाचकांस विनंती इतकीच की, आपल्या घरी असे पत्र आले तर पाठवणीचा विचार करताना परतीची वाटही त्याच वेळी झाडून ठेवावी. ती झाडलेली आहे असे मुलाला दिसले, म्हणजे तो पुढच्या वाटेवर अधिक निर्धास्तपणे धावेल.