रिक्षाच्या हुडाची काच

जालना स्टेशनाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या रिक्षा मागून पाहाव्यात. एखाद्या हुडाची मागची खिडकी लख्ख असते, तर शेजारच्या रिक्षाची पांढुरकी पडलेली किंवा हळदीसारखी पिवळी झालेली. दोन्ही गाड्या एकाच वयाच्या असतील, पण धुणारे हात वेगळे. बोलण्यात तिला काच म्हणतात, प्रत्यक्षात ती असते पीव्हीसीची मऊ, पारदर्शक शीट. मुंबईच्या बंदरातल्या यॉटना वारा-पाऊस अडवायला जे पारदर्शक पडदे लावतात, तेही याच जातीचे; फक्त जरा जाड. समुद्रापासून एवढ्या लांबच्या जालन्यात खाऱ्या पाण्याचा त्रास नाही, पण ऊन, धूळ आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी भरपूर आहे.

पीव्हीसी मुळात कडक. 1926 साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन यांनी ते मऊ करण्याची युक्ती काढली. त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे, म्हणजे प्लास्टिसायझरमुळे, शीट लवचिक राहते. उन्हातान्हात हे द्रव्य हळूहळू बाहेर पडते आणि शीट ताठरते. शिवाय अतिनील किरणांनी पीव्हीसीच्या साखळ्या बिघडायला लागल्या की पिवळेपणा चढतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार नेणाऱ्या गावात ही झीज टळत नाही.

पण पुष्कळ खिडक्या उन्हाआधी फडक्याने मरतात. जालन्यातल्या सळयांच्या कारखान्यांकडे ट्रकांची सारखी ये-जा असते. रस्त्यावरची धूळ शीटवर बसते. सकाळी पहिली सवारी घेण्याआधी चालक कोरड्या फडक्याने ती झटकन पुसतो आणि धुळीचा प्रत्येक कण एक बारीक ओरखडा काढून जातो. डाग निघेना म्हणून कोणी रॉकेल लावतो, कोणी पेट्रोल, कोणी रंगाचा थिनर. त्या क्षणी शीट चमकते, पण ही द्रावणे तिच्यातले मऊपण ओढून घेतात. थिनरने तर ती जागच्या जागी धुरकट होते. घरच्या काचा पुसण्याचे अमोनियावाले स्प्रेही तिला मानवत नाहीत.

रीत साधी आहे. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी. मग सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड, हात हलका. पुन्हा स्वच्छ पाणी आणि लगेच टिपून घेणे, कारण बोअरचे पाणी वाळले की क्षारांचे ठिपके उरतात. ते उरलेच तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात. नंतर मात्र धुवायला विसरू नये. धुणे सावलीत करावे. रिक्षाचे पावसाळी पडदे घडी न घालता गुंडाळावेत. हिवाळ्यात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा शीट कडक असते. त्या वेळी दुमडली तर घडीवरच तडकते.

इथवर मालकाचे काम; पुढचे कुशनवाल्याचे. रेक्झिन-कुशनच्या दुकानात शीटवर आधी बोट फिरते. धुरकटपणा वरवरचा, ओरखडे केसाएवढे असतील, तर प्लास्टिक पॉलिश लावून मऊ कापडाने गोल घासले की पारदर्शकता पुष्कळशी परत येते. पिवळेपणा मात्र शीटच्या आत मुरलेला असतो, तो घासून जात नाही. तिथे हूड तसेच ठेवून फक्त खिडकी उसवतात. जुना तुकडा मापाला ठेवून नवी शीट कापतात, दुमडीसाठी चारही बाजूंनी जास्त ठेवून. यात टाचण्या लावायच्या नसतात, कारण पडलेले भोक बुजत नाही. शीट मशीनच्या पायाला चिकटते, म्हणून खाली-वर कागद घालून शिवतात आणि नंतर तो फाडून काढतात. टीप लांब हवी. बारीक टीप मारली तर भोकांची रांग टपाल तिकिटांच्या कडेसारखी होते आणि पहिल्याच वादळात खिडकी त्या रेषेवर फाटते.

चालकाला मागचे वाहन आतल्या आरशात याच खिडकीतून दिसते. म्हणून ही नुसत्या शोभेची गोष्ट नव्हे. शीट पांढुरकी असेल तर पॉलिश करून पाहावे. पिवळी आणि ताठ झाली असेल तर पॉलिशवर पैसे घालवू नयेत, पाऊस सुरू होण्याआधी ती बदलून घ्यावी. आणि नवी बसवली की रॉकेलची बाटली तिच्यापासून लांब ठेवावी.