अंगणात हॉप्स नको, द्राक्ष लावा

बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी हॉप्सची वेल बारामती-इंदापुरात लावायची, तर जात निवडण्याआधीच गाडी अडते. या वेलीला उन्हाळ्यात साधारण १५ तासांचा दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा, आणि थंडी म्हणाल तर नावापुरती. भारतात हॉप्सची शेती झाली ती हिमाचलातल्या लाहौलमध्ये.

इथली खरी वेल द्राक्षाची. इंदापूर तालुक्यातलं बोरी तर द्राक्षबागांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. खायला थॉमसन सीडलेस उत्तम, पण रसासाठी माझी पसंती 'मांजरी मेडिका'ला. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून ही जात काढली. मणी चिरडून पाहा. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीतच असतो; हिचा गरही लाल, बोटं रंगतात.

जातीइतकाच खुंट महत्त्वाचा. इथली जमीन आणि विहिरीचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारवट, म्हणून स्वमुळावरची काडी नको. डॉगरिज खुंटावरचं कलम घ्या. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळछाटणी चुकवली तर नुसता पाला.

रस घरी खुशाल काढा. तो आंबवून वाइन करायची, तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवाना लागतो.