बोलता न येणाऱ्या मुलासाठी संवादयंत्र निवडताना

मूल तीन वर्षांचे झाले तरी शब्द उमटत नाहीत, तेव्हा घरात सल्ल्यांची गर्दी होते. 'घाई करू नका, याचे वडीलही उशिराच बोलायला लागले होते,' असे वडीलधारे सांगतात, तर अमुक यंत्र आणले की मूल बोलू लागेल, असे कोणी ठासून सांगते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम अशा निरनिराळ्या कारणांनी मुलाला बोलता येत नसेल; पण त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, असा याचा अर्थ नव्हे. पुष्कळदा सांगता येत नाही म्हणूनच मूल किंचाळते, चावते आणि मग त्याच्यावर 'हट्टी' असा शिक्का बसतो.

बोलण्याला पूरक किंवा पर्यायी ठरणाऱ्या संवादपद्धती आज जगभर रूढ आहेत. १९७१ मध्ये टोरांटोतील एका केंद्रात शर्ली मॅक्नॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसमोर चार्ल्स ब्लिस यांच्या चित्रचिन्हांचा फलक ठेवला आणि बोलू न शकणारी मुले त्या चिन्हांकडे निर्देश करून आपले म्हणणे मांडू लागली. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रकार्डांची देवाणघेवाण करून मागणी करण्याची 'पेक्स' पद्धत विकसित केली. आजचे टॅब्लेटवरील ॲप हे याच परंपरेतील पुढचे पाऊल आहे.

यंत्र हाती दिले तर मूल कधीच बोलणार नाही, ही पालकांची सर्वांत मोठी भीती असते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिलर, लाइट आणि श्लोसर यांच्या आढाव्यात ज्या २७ व्यक्तींबाबतचा पुरावा भक्कम होता, त्यांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते. ८९ टक्के व्यक्तींच्या बोलण्यात थोडीबहुत भरच पडली होती. त्यामुळे 'आधी बोलण्याची वाट पाहू, मग यंत्राचे बघू' या धोरणात मुलाची मोलाची वर्षे वाया जातात. वाचोपचार आणि यंत्र ही दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

निवडीची सुरुवात दुकानात नव्हे, तर तपासणीत व्हावी. श्रवणचाचणी सर्वप्रथम करून घ्यावी. त्यानंतर स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांनी मिळून मुलाची नजर, बसण्याची ढब आणि हातांच्या हालचाली पाहाव्यात. बोट नेमके टेकत नसेल, तर चौकोनांभोवती जाळी बसवता येते. हात चालत नसेल, तर डोके किंवा पाय यांनी दाबायचे बटन अथवा नजरेवर चालणारे यंत्र वापरता येते. भरवशाची एक हालचालही पुरेशी असते. मुंबईच्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करून 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र लिहिले, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र मुलाचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून अक्षरे दाबून घेण्याच्या पद्धतीपासून दूर राहावे. असे शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असतात, हे नियंत्रित चाचण्यांत वारंवार दिसून आले आहे.

यानंतर प्रश्न येतो शब्दांचा. बहुतेक घरांत यंत्र सफरचंद, खुर्ची, गाय अशा नामांनी भरले जाते आणि 'गाय कुठे आहे, दाखव' अशी परीक्षा सुरू होते. असे यंत्र लवकरच कपाटात जाते. मुलाला आधी हवे असतात ते 'नको', 'आणखी', 'थांब', 'दे', 'झाले', 'दुखते' यांसारखे, दिवसभर सर्वत्र उपयोगी पडणारे शब्द. विकत घेण्यापूर्वी एवढे पाहावेच, की या यंत्रातून मुलाला नकार देता येतो का? ज्याला फक्त मागता येते आणि नाकारता येत नाही, त्याला खरा आवाज मिळालेला नसतो. शब्दांच्या जागाही स्थिर असाव्यात. चौकोन सतत हलत राहिले, तर बोटांना सवय लागत नाही.

मराठी घरांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मुलगी 'मी जाते' म्हणेल आणि मुलगा 'मी जातो'; परदेशी ॲपच्या अनुवादात हा भेद हरवू शकतो. आजीशी मराठीत बोलणाऱ्या घरात यंत्र केवळ इंग्रजी बोलत असेल, तर ते आजीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून स्वतःच्या आवाजात शब्द ध्वनिमुद्रित करण्याची सोय आहे का, हे तपासावे. आयआयटी मुंबईत विकसित झालेले 'जेलो' हे मोफत ॲप मराठीतही आहे. चेन्नईत अजित नारायणन यांच्या चमूने घडवलेले 'आवाज' आधी स्वतंत्र यंत्र होते, पुढे ते टॅब्लेटवर आले. महागडी खरेदी करण्यापूर्वी अशी साधने काही आठवडे वापरून पाहावीत. बॅटरी संपते, पडदा फुटतो. म्हणून तेच शब्द, त्याच जागी असलेला कागदी फलकही नेहमी जवळ ठेवावा.

यंत्र घरी आल्यावर खरी कसोटी मोठ्यांची असते. मूल बोलायला शिकते ते ऐकून. तसेच यंत्राची भाषा ते पाहून शिकते. जेवताना, अंघोळीच्या वेळी, फिरायला जाताना आईवडिलांनी स्वतः चौकोन दाबत बोलावे आणि मुलाकडून लगेच उत्तराची अपेक्षा ठेवू नये. हे काही महिने चालू ठेवावे लागते. शिक्षा म्हणून यंत्र काढून घेणे हे तर मुलाच्या तोंडावर हात ठेवण्यासारखे आहे. शाळेतही ते दप्तरात बंद राहू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धतींचा समावेश केला आहे, तेव्हा पालकांनी तसा आग्रह धरताना संकोच करू नये.

एखाद्या दिवशी मूल ताटाकडे पाहून यंत्रावरचा 'नको' दाबेल. त्या वेळी घास पुढे न करता ताट बाजूला सारावे. आपल्या शब्दाने काहीतरी घडते, हे मुलाला कळले, की पुढचे शब्द शोधण्याची ओढ त्याला आपोआप लागते.