‘गिरमिट’ शब्दाचा इतिहास आणि एक इतिहासकार

फिजी बेटांतील हिंदी मजुरांच्या इतिहासात ‘गिरमिट’ हा शब्द मध्यवर्ती आहे. आपल्याकडील सुताराच्या गिरमिटाशी त्याचा संबंध नाही. ‘ॲग्रीमेंट’ या इंग्रजी शब्दातील आद्य स्वर गळून, ‘ग्री’ हे जोडाक्षर फुटून आणि अनुनासिक लोपून तो मजुरांच्या तोंडी सिद्ध झाला. करारबद्ध मजूर तो ‘गिरमिटिया’. प्रा. ब्रिज लाल (१९५२–२०२१) यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथास हेच नाव दिले. मळेवाल्यांनी ज्यांना ‘कुली’ म्हटले, त्यांना त्यांच्याच शब्दाने ओळखावे, ही भूमिका त्यातून व्यक्त होते.

फिजी १८७४ मध्ये ब्रिटिश वसाहत झाली. मूळ फिजीवासीयांना मळ्यांवर राबवू नये, असे गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांचे धोरण होते. गोऱ्या मळेवाल्यांना तर मजूर हवे होते. ही अडचण हिंदुस्थानातून मजूर नेऊन दूर करण्यात आली. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६०,००० माणसे पाच वर्षांच्या कराराने तेथे गेली. लाल हे अशाच एका गिरमिटियाचे नातू होत.

या माणसांविषयी दोन समजुती रूढ होत्या. ती समाजाच्या तळातील होती, ही एक. अरकाट्यांनी, म्हणजे मजूरभरती करणाऱ्या दलालांनी, सर्वांनाच फसवून नेले, ही दुसरी. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे डॉक्टरेटचा प्रबंध लिहिताना लाल यांनी कलकत्त्याहून निघालेल्या ४५,४३९ मजुरांची परवानापत्रे तपासली. नाव, वय, जात, मूळ जिल्हा व नोंदणीचे ठिकाण यांची त्यांत नोंद असे. त्यांवरून दिसून आले, की मजुरांत उत्तर हिंदुस्थानातील उच्च, मध्यम व कनिष्ठ अशा सर्व थरांतील जाती होत्या. शिवाय पुष्कळांची नोंदणी मूळ जिल्ह्याबाहेर झाली होती. म्हणजे कामाच्या शोधात त्यांनी गाव आधीच सोडले होते. अनेक स्त्रिया एकट्याच निघाल्या होत्या. फसवणूक होत होती, हे लाल नाकारीत नाहीत. परंतु स्थलांतरितांना स्वतःचा निर्णय होता, हे ते दाखवून देतात.

तथापि परवानापत्र हे कारकुनाने भरलेले पत्र होय. घर का सोडले, याचा रकाना त्यात नाही. ही उणीव जाणूनच लाल पुढे आठवणी व कथन यांकडे वळले. ‘मिस्टर तुलसीज स्टोअर’ (२००१) हे त्याचे फळ.

त्यांचे कार्य विद्यापीठापुरते राहिले नाही. फिजीच्या राज्यघटनेचा फेरविचार करणाऱ्या त्रिसदस्य आयोगावर (१९९५–९६) ते होते. २००९ मध्ये लष्करी राजवटीवरील टीकेमुळे त्यांना जन्मभूमीतून घालविण्यात आले, आणि परवासातच २०२१ साली ब्रिस्बेन येथे त्यांचे निधन झाले. सत्तांतरानंतर बंदी उठून २०२३ साली त्यांच्या अस्थी फिजीत पोहोचल्या. कोणी कोठे राहावे हे राजसत्ता ठरविते. परंतु गेलेल्या माणसाला काय म्हणावे, हे ठरविण्याचा तिचा अधिकार लाल यांनी मान्य केला नाही. दफ्तरातील प्रत्येक नावामागे माणूस असतो, हे अभ्यासकाने त्यांच्याकडून शिकावयाचे आहे.