तिसरी खुर्ची रिकामीच राहिली

सोमवारी, 7 ऑक्टोबर 2024 ला वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं. व्हिक्टर अँब्रोस, गॅरी रव्हकुन आणि ‘मायक्रोआरएनए’ हे शब्द तेव्हा वाचून पाठ झाले असतील. माझी नजर अडली ती त्याच दिवशी नोबेलवाल्यांनी समाजमाध्यमावर टाकलेल्या फोटोवर. अँब्रोस आनंद साजरा करताहेत, शेजारी त्यांच्या सहकारी आणि पत्नी रोझलिंड ली. खाली अशा अर्थाची ओळ की, समितीने दाखला दिलेल्या 1993 च्या शोधनिबंधावर पहिलं नाव याच बाईंचं आहे. मग बक्षीस कुठंय, असा गलका झाला नसता तरच नवल. नोबेल तिघांत वाटता येतं. त्या वर्षी ते दोघांतच वाटलं गेलं.

पण त्या निबंधात होतं तरी काय? पेशीतला डीएनए म्हणजे कचेरीतलं मूळ दप्तर. ते खोलीबाहेर जात नाही. हव्या त्या जनुकाचा उतारा तेवढा काढून मिळतो. (पाठ्यपुस्तकात याला ‘प्रतिलेखन’ म्हणतात. सातबाऱ्याच्या मुलखात ‘उतारा’ हा शब्द हाताशी असताना असं का, देव जाणे.) कोविडनंतर सगळ्यांच्या तोंडी बसलेला एमआरएनए तो हाच. त्याबरहुकूम प्रथिन बनतं. जनुकावर अंकुश ठेवायचा तर उतारा देणाऱ्या खिडकीवरच, हे 1960 च्या दशकापासून जवळपास गृहीत धरलेलं होतं.

त्याला धक्का दिला तो सी. एलेगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीने. त्याचं ‘लिन-4’ जनुक बिघडलं की तो मोठा होताना पहिल्याच इयत्तेत पुन्हा पुन्हा बसतो. ‘लिन-14’ बिघडलं तर उलट, पहिली न करताच पुढच्या वर्गात. म्हणजे पहिलं जनुक दुसऱ्याला वेळेवर गप्प करत असणार. कसं? अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेत ली आणि ऱ्होंडा फाइनबॉम लिन-4 चं प्रथिन शोधत होत्या. ते मिळेना. प्रथिनाची भाषा पार विस्कटेल असे बदल जनुकात मुद्दाम केले, तरी त्याचं काम सुरळीत चालूच. प्रथिन नव्हतंच मुळी. हाती आला तो आरएनएचा जेमतेम 22 अक्षरांचा तुकडा, म्हणजेच मायक्रोआरएनए.

तिकडे रव्हकुन यांच्याकडे दिसत होतं, की लिन-14 चे उतारे निघतात तेवढेच, प्रथिन मात्र घटतं. जून 1992 मध्ये दोघांनी आपापल्या अक्षरमाला ताडून पाहिल्या. ती 22 अक्षरं लिन-14 च्या उताऱ्याच्या शेपटाकडे एका नव्हे, अनेक जागी जुळत होती. उतारा खिडकीतून मिळाला होता. कुणीतरी त्यावर चिकटून पुढचं काम अडवत होतं.

दोन्ही निबंध 1993 च्या डिसेंबरमध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आले आणि कुणी फारशी दखल घेतली नाही. किड्याची खोड, झालं. हार्वर्डने अँब्रोस यांना कायम केलं नव्हतं. ते डार्टमथला गेले होते. वारं फिरलं ते 2000 मध्ये. रव्हकुन यांच्या गटाला ‘लेट-7’ हा दुसरा तुकडा सापडला आणि तो माश्यांपासून माणसापर्यंत जसाच्या तसा निघाला. आज माणसात मायक्रोआरएनएची हजारावर जनुकं मोजली जातात.

आता ‘कर्करोगावर रामबाण’ छापाच्या बातम्या येतील. जरा दमानं घ्यावं. असा एक तुकडा शंभर ठिकाणी चिकटू शकतो. एका जनुकासाठी टोचला तर बाकीच्यांचं काय होईल, सांगता येत नाही. कर्करोगाच्या रुग्णांना मायक्रोआरएनएची नक्कल देऊन पाहणारी एक चाचणी 2016 मध्ये गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. बाजारात या जातीचं मंजूर औषध अजून एकही नाही.

राहता राहिल्या ली. जीवशास्त्राच्या निबंधात पहिलं नाव बहुधा हात राबवणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. बक्षीस शेवटच्या नावाला जातं. समितीची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल की ली यांना दिलं असतं, तर रव्हकुन यांच्या निबंधावरचं पहिलं नाव, ब्रूस वाइटमन, हेही दारात उभे राहिले असते आणि तिघांचे चार झाले असते. पण तिघांचाच नियम हा काही निसर्गाचा नियम नाही, आणि त्या वर्षी तर एक जागा मोकळीच होती.