फलंदाजी प्रशिक्षकाचा हिशेब

संघ हरला की चाहत्यांचा पहिला रोष कर्णधारावर निघतो आणि दुसरा प्रशिक्षकावर. कर्णधाराला हात लावणे अवघड, कारण तो धावाही करतो. प्रशिक्षकाची गच्छंती त्या मानाने सोपी. भारताचे फलंदाजी प्रशिक्षक, मूळचे बीडचे संजय बांगर यांच्याबाबत २०१९ मध्ये असेच झाले.

बांगर ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात आले. त्यांच्या नावावर कसोट्या जेमतेम १२, पण त्यांतल्या २००२ च्या लीड्स कसोटीचा विषय जाणकार अजून काढतात. ढगाळ हवेत सलामीला येऊन ते २३६ चेंडू खेळले, ६८ धावा केल्या, द्रविडबरोबर १७० धावांची भागी रचली. भारताने ती कसोटी डावाने जिंकली.

फलंदाजी प्रशिक्षकाचे बहुतेक काम नेटमध्ये चालते. थ्रोडाउन देताना तो पूर्ण २२ यार्डांवरून चेंडू टाकत नाही, बराच पुढे येऊन उभा राहतो. त्यामुळे फलंदाजाला विचार करायला वेळ उरत नाही. पुढचा पाय कुठे पडला, डोके ऑफ स्टंपकडे झुकले का, बॅट तिरकी खाली येते का, एवढेच तो बघत राहतो, आणि तोच चेंडू पुन्हा टाकतो. प्रेक्षकांना यातले काहीच दिसत नाही. त्यांना धावफलक दिसतो.

१० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरला तो धावफलक फार वाईट होता. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडच्या २३९ धावांचा पाठलाग करताना रोहित, राहुल आणि कोहली प्रत्येकी एक धाव करून परतले. ३ बाद ५. दिनेश कार्तिक पाचव्या, हार्दिक पंड्या सहाव्या आणि धोनी थेट सातव्या क्रमांकावर आला. जडेजाच्या ७७ आणि धोनीच्या ५० धावांनंतरही भारत १८ धावांनी हरला.

धोनीला एवढ्या उशिरा का पाठवले, यावरून वाद पेटला आणि बोट बांगरांकडे वळले. तो निर्णय संघाचा होता, असे मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्री यांनी सांगितले, पण तोवर चाहत्यांचा निकाल लागला होता. बांगरांच्या बाजूने बोलणारे त्याच वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियात प्रथमच जिंकलेल्या कसोटी मालिकेचा दाखला देत. विरोधकांचा मुद्दाही पोकळ नव्हता: एकदिवसीय संघाचा चौथ्या क्रमांकाचा फलंदाज विश्वचषक उजाडला तरी पक्का झाला नव्हता.

तो पक्का करणे मात्र एकट्या प्रशिक्षकाच्या हाती नसते. खेळाडू निवड समिती निवडते. विश्वचषकानंतर कपिल देव यांच्या सल्लागार समितीने मुख्य प्रशिक्षक ठरवला, शास्त्रीच कायम राहिले. सहायकांची निवड एम. एस. के. प्रसाद यांच्या निवड समितीकडे होती. चौथ्या क्रमांकासाठी रायुडूला डावलून विजय शंकरला विश्वचषकाला नेणारी समिती ती हीच. तिने गोलंदाजीचे भरत अरुण आणि क्षेत्ररक्षणाचे आर. श्रीधर यांना ठेवले. बांगरांच्या जागी विक्रम राठोड आले. म्हणजे चौथ्या क्रमांकाच्या घोळात ज्यांचा वाटा होता, तेच त्या घोळाचे न्यायाधीशही झाले. हे चाहत्यांच्या भांडणात फारसे आले नाही.

पुढे २०२२ च्या हंगामापासून बांगर बंगळूरच्या आयपीएल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या वर्षी संघ अंतिम फेरीच्या एक सामना अलीकडे अडला, दुसऱ्या वर्षी सहावा आला. ऑगस्ट २०२३ मध्ये ते आणि क्रिकेट संचालक माइक हेसन दोघेही एकाच वेळी गेले आणि अँडी फ्लॉवर आले. त्या वर्षाअखेर पंजाब किंग्जने बांगरांकडे क्रिकेट विकासाची जबाबदारी सोपवली.