सुई खोटे बोलते काय?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या शेजारच्या घरचा आठवीत शिकणारा एक मुलगा सायंकाळी शाळेतून परतला तो थेट आमच्या पडवीत येऊन बसला. हातात पुठ्ठ्याची पेटी होती व चेहरा उतरलेला होता. शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी त्याने आठवडाभर खपून एक होकायंत्र तयार केले होते. जुन्या रेडिओच्या लाउडस्पीकरातील लोहचुंबक शिवणाच्या सुईवर घासून त्याने सुईस चुंबक बनविले होते. ती सुई कागदाच्या घडीत खोवून, बुचात रोवलेल्या टाचणीच्या टोकावर त्याने तोलून धरली होती. घरी ती बरी चालली. परंतु परीक्षक पाहावयास आले त्या वेळी सुई उत्तर सोडून जवळजवळ पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. बोटाने हलविली, तर नव्या जागी तशीच थबकली. वर्गातील मुले हसली.

"काका, हे मी आता चुलीत टाकतो," तो म्हणाला. "पुस्तकात लिहिलेले असते ते आपल्याकडून होत नाही."

हे शेवटचे वाक्य आम्हांस लागले. खेड्यातील कितीतरी मुले ह्याच एका समजुतीने शास्त्रविषयाकडे पाठ फिरवितात. व्याख्या पाठ करावी, गुण मिळवावे आणि विषय तेथेच सोडावा. तो आपल्यासारख्यांचा नव्हे, असे त्यांस वाटते. म्हणून आम्ही त्यास म्हटले, "बाळ, सुई खोटे बोलत नाही. तिच्यावर कोणाकोणाचा जोर चालतो आहे, ते आधी शोधू." त्या सायंकाळी आम्ही दोघांनी जो शोध केला, तोच येथे आमच्या बाल-वाचकांसाठी व त्यांच्या आईबापांसाठी मांडीत आहोत.

सुई चुंबक झाली होती काय?

प्रथम संशय सुईवरच घेतला. चुंबकाने सुईस ओढून घेतले एवढ्यावरून ती चुंबक ठरत नाही. साध्या लोखंडासही चुंबक ओढतोच. लोखंड, निकेल व कोबाल्ट ह्या धातूंवर चुंबकाची सत्ता चालते. तांबे, पितळ, ॲल्युमिनिअम ह्यांस तो ओढीत नाही. चुंबकत्वाची खरी कसोटी ओढणे ही नसून दूर लोटणे ही होय. प्रत्येक चुंबकास एक उत्तर ध्रुव व एक दक्षिण ध्रुव असे दोन ध्रुव असतात. सजातीय ध्रुव एकमेकांस दूर लोटतात, विजातीय ध्रुव जवळ ओढतात. आम्ही लाउडस्पीकरातील चुंबक दुरून हळूहळू सुईजवळ आणला. सुईचे एक टोक त्याकडे धावले, दुसरे टोक मागे सरले. म्हणजे सुई निर्दोष होती.

येथे मुलाने एक चांगला प्रश्न विचारला. "काका, केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो. तोही घर्षणाने चुंबक होतो ना?" असा घोटाळा पुष्कळांचा होतो. कंगव्यात उत्पन्न होते ती वीज होय, चुंबकत्व नव्हे. कंगवा कागद, भुसा, केस असे काहीही हलके ओढतो. चुंबकास कागदाचे काही सोयरसुतक नाही. हा भेद इंग्लंडातील वैद्य विल्यम गिल्बर्ट ह्यांनी १६०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्पष्ट केला. सुईवर चुंबक फिरविताना घर्षण होते खरे, पण सुई चुंबक होते ती घर्षणाने नव्हे. पोलादाच्या आत असंख्य सूक्ष्म विभाग असतात व त्यांतील प्रत्येक विभाग लहानसा चुंबकच असतो. बाजारच्या गर्दीत जशी माणसांची तोंडे दाही दिशांना असतात, तसे हे विभाग अस्ताव्यस्त असल्याने एकाचा जोर दुसरा मोडून काढतो. बाहेरचा चुंबक एकाच दिशेने वारंवार फिरविला म्हणजे त्यांतील बहुतेकांची तोंडे एकीकडे वळतात. म्हणूनच चुंबक पुढे-मागे न घासता प्रत्येक वेळी उचलून पुन्हा पहिल्या टोकापासून न्यावा. तसेच चुंबकास लाल तापविले किंवा हातोड्याने ठोकले, तर ही शिस्त मोडते व त्याचे बळ जाते.

पहिला अपराधी

मग सुईस उत्तरेकडे कोण वळवितो? पूर्वी कोणी ध्रुवताऱ्याचे नाव घेत, तर कोणी उत्तरेकडील एखाद्या चुंबकीय पर्वताचे. गिल्बर्ट ह्यांनी चुंबकदगडाचा गोल घडवून त्याच्या अंगावर लहान सुई फिरविली व दाखविले की, पृथ्वी हीच एक मोठा चुंबक आहे. तत्पूर्वी १५८१ साली रॉबर्ट नॉर्मन नावाच्या होकायंत्र बनविणाऱ्या कारागिराने एक प्रयोग लिहून ठेवला होता. पाण्यात तरंगविलेली चुंबकसुई उत्तरेकडे वळते, परंतु उत्तरेकडे वाहत जात नाही. कारण पृथ्वी सुईचे एक टोक जितक्या बळाने ओढते, तितक्याच बळाने दुसरे टोक लोटते. त्यामुळे सुई केवळ फिरते.

परंतु पृथ्वीचे हे बळ फार सौम्य असते. जवळ एखादे लोखंड आले की सुई त्याचे ऐकू लागते. आम्ही मुलास विचारले, "प्रदर्शनात तुझी पेटी कशावर होती?" तो म्हणाला, "लोखंडी टेबलावर. आणि बाजूला कपाट होते." पहिला अपराधी सापडला.

ह्या अपराध्यास पकडण्याचा इतिहास आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे, हे वाचकांस ऐकून नवल वाटेल. १५३८ साली ज्वाँव द काश्त्रू हे पोर्तुगीज दर्यावर्दी लिस्बनहून गोव्यास निघाले. वाटेत ते होकायंत्राची सुई व खरी उत्तर ह्यांतील अंतर ठिकठिकाणी मोजीत. मोझांबिकपाशी त्यांचे मोजमाप मेळ खाईना. शोध करता त्यांस आढळले की, जवळच्या तोफेचे लोखंड सुईस ओढीत आहे. पुढे गोव्याहून दीवकडे जाताना वसईच्या परिसरातही सुई भलतीकडे वळू लागली; त्याचे कारण त्यांनी तेथील खडकांत शोधले. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात लोहयुक्त चुंबकीय खनिजाचे कण असतात, हे आज आपणांस ठाऊक आहे. हेच काश्त्रू पुढे १५४५ साली गोव्याचे गव्हर्नर झाले व १५४८ साली गोव्यातच निवर्तले. सुई चुकली म्हणून त्यांनी ती समुद्रात फेकून दिली नाही; ती का चुकली, हे विचारले.

मुंबईस कुलाबा येथे १८४१ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विजेने ही नाजूक मोजणी बिघडेल म्हणून अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ सालापासून तेथे मोजणी होत आहे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांसही ज्या अडचणीपायी वेधशाळा हलवावी लागली, तीच आमच्या मुलास शाळेच्या टेबलावर आडवी आली होती!

दुसरा अपराधी

आम्ही पेटी लाकडी पाटावर ठेवली. मोबाइल फोनदेखील दूर नेला, कारण त्याच्या ध्वनिवर्धकात चुंबक असतो. सुई आता पूर्वेचा हट्ट सोडून उत्तरेच्या बाजूस वळली. तरीही एकदा ती उत्तरेच्या थोडी उजवीकडे थांबे, एकदा थोडी डावीकडे. अर्थात दुसरा अपराधी अद्याप मोकळा होता. त्याचे नाव घर्षण.

दोन पृष्ठे कितीही गुळगुळीत दिसोत, सूक्ष्मदर्शकाखाली ती खडबडीतच असतात. ती एकमेकांस थोड्याच उंचवट्यांवर टेकतात व तेथे एकमेकांस धरून ठेवतात. म्हणून धान्याने भरलेली पेटी सरकविताना आरंभी फार जोर लागतो; एकदा सरकू लागली की कमी जोर पुरतो. पहिले ते स्थितिक घर्षण, दुसरे गतिक घर्षण. टाचणीचे टोक कागदात किंचित रुतले होते व त्यामुळे सुई धरली जात होती. शिवाय सुई उत्तरेच्या जितकी जवळ येते, तितके तिला फिरविणारे बळ कमी होत जाते. शेवटच्या थोड्या अंतरात हे बळ घर्षणापुढे हरते व सुई वाटेतच थांबते.

घर्षणाचे नियम घरीच पाहता येतात. एका विटेस रबराचा पट्टा बांधून ती जमिनीवरून हळू ओढा व पट्टा किती ताणतो ते मोजा. वीट आडवी ठेवा किंवा कडेवर उभी करा, ताण जवळजवळ तितकाच राहील. तिच्यावर दुसरी वीट ठेवा, ताण सुमारे दुप्पट होईल. म्हणजे घर्षण भारावर अवलंबून असते, दिसणाऱ्या क्षेत्रफळावर नव्हे. हा नियम फ्रान्समधील गियोम आमोंतों ह्यांनी १६९९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. भार वाढला की टेकणारे उंचवटे वाढतात, हे त्याचे कारण होय.

चुंबक व घर्षण हे पाठ्यपुस्तकातील दोन निरनिराळे धडे एकाच मनुष्याच्या हाती आले होते. शार्ल कूलों हे फ्रेंच सैन्यातील अभियंते. होकायंत्राची सुई उत्तम कशी करावी, ह्या प्रश्नावर पॅरिसच्या अकादमीने पारितोषिक ठेविले होते. १७७७ साली त्यात कूलों वाटेकरी झाले. खुंटीवर टेकलेल्या सुईस घर्षण अडविते, तर तिला बारीक धाग्याने टांगावे, अशी त्यांची सूचना होती. १७८१ साली त्यांनी घर्षणावरील निबंधासाठीही पारितोषिक मिळविले. धाग्याचा पीळ किती बळ अडवितो हे मोजता मोजता त्यांनी एक अतिशय नाजूक तराजू घडविला आणि १७८५ साली विजेच्या बळाचा नियम त्यावरूनच सिद्ध केला. सुई अडखळली म्हणून एवढे मोठे दार उघडले!

आम्ही तराजू कोठून आणणार? काचेचा वाडगा पाण्याने भरला, त्याच्या मध्यभागी बुचाची पातळ चकती सोडली व तिच्यावर सुई अलगद ठेविली. पाणी वेगाने जाणाऱ्यास अडविते, पण स्थिर वस्तूस जमिनीप्रमाणे धरून ठेवीत नाही. सुई डोलली, फिरली व स्थिर झाली. बोटाने चकती वळविली, तर पुन्हा तेथेच आली. दहा वेळा वळविली, दहाही वेळा आली. रात्री पाऊस उघडल्यावर मुलाने अंगणातून ध्रुवतारा पाहिला आणि धावत येऊन सुईशी दिशा ताडून घेतली. तो काहीच बोलला नाही, फक्त पुन्हा एकदा सुई वळवून पाहिली.

घर्षणास अपराधी म्हटले, म्हणून त्याचा तिरस्कार मात्र करू नये. ते नसते, तर चिखलात घसरतो तसे आपण अंगणातही घसरलो असतो. काडेपेटीची काडी पेटली नसती, दोरीची गाठ टिकली नसती, सायकलचा ब्रेक लागला नसता. जेथे ते नको तेथे आपण बैलगाडीच्या आसास वंगण घालतो, चाकात छऱ्यांचे बेअरिंग बसवितो. जेथे हवे तेथे टायरवर नक्षी कोरतो. कोठे कमी करावे व कोठे वाढवावे, हे जाणणे म्हणजेच ते समजणे होय.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा काचेचा वाडगा व लाकडी पाट घेऊन शाळेत गेला. प्रदर्शन संपले होते, बक्षिसेही वाटून झाली होती. तरी मधल्या सुट्टीत त्याने हसणाऱ्या मुलांस बोलावून प्रथम सुई बरोबर दाखविली. मग मुद्दाम लोखंडी कंपासपेटी जवळ आणून ती चुकविली, आणि का चुकली ते सांगितले.

आईबापांस आमची एवढीच विनंती आहे. मुलाचा प्रयोग फसला, तर तो चुलीत जाऊ देऊ नका. घटकाभर त्याच्याजवळ बसा व विचारा, "का रे झाले असे?" उत्तर आपणांस ठाऊक नसले तरी चालेल. एक सुई, एक बूच व वाडगाभर पाणी प्रत्येक घरी असते.